फायबरची टाकी

लग्न होऊन मी सांगलीहून इस्लामपूरजवळच्या गावी आले, तेव्हा घरात चौघंच आहेत असं मला सांगितलं होतं. सासरे, सासूबाई, नवरा आणि आता मी. प्रत्यक्षात पाचवी एक होती आणि तिचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ती लाकडी फळीवर, ताडपत्री पांघरून उभी असायची. थंडीत तिच्यावर एक जुनी घोंगडी जास्तीची पडायची. मला मात्र पहिल्या थंडीत जास्तीची घोंगडी मागून घ्यावी लागली, हे मी अजून विसरलेले नाही.

ती म्हणजे नवऱ्याची मोटरसायकल. जुनी, जड, रस्त्यानं गेली की कपाटातली भांडी वाजवणारी. नवरा फौजेत, वर उत्तरेकडे कुठेतरी. (इथं लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे, पण समोर कधी ‘अहो’च्या खाली उतरले नाही.) वर्षातून एकदा, फार तर दोनदा तो सुट्टीवर यायचा, गाडी फिरवायचा आणि जायचा. तो गेला की त्याच संध्याकाळी सासरे, म्हणजे मामंजी, गाडी धुवायचे, साखळीला तेल द्यायचे, डबल स्टँडवर चढवून फळीवर उभी करायचे. मामंजी स्वतः फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यांवर त्यांनी मोठमोठे ट्रक चालवले होते. त्यामुळे त्यांच्या हातून गाडीवर ताडपत्री जरी पडली, तरी तिच्या चारही गाठी सारख्या असायच्या.

दर रविवारी आंघोळ झाली की ते खोलीचं दार उघडून किक मारायचे. गाडी थोडा वेळ जागच्या जागी धडधडायची, म्हशी कान हलवायच्या, खोलीभर धूर व्हायचा आणि मामंजी समाधानानं बाहेर यायचे. मगच त्यांचा चहा. एकदा शेजारणीनं गाडीबद्दल विचारलं तेव्हा मी सहज म्हणून गेले की ती बंद असते. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातलं सूप खाली ठेवलं. त्या घरात गाडी बंद नसायची, विसाव्याला असायची. बांगड्या फुटत नाहीत, वाढतात. तसंच हे, असं मला नंतर एकीकडे घेऊन समजावण्यात आलं.

मी सांगलीत वाढलेली, जरा तोंडाळ. हे सगळं मला थोतांड वाटायचं. एका दुपारी आम्ही तिघं ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी बोलून गेले की मामंजी त्या गाडीला जेवढं जपतात तेवढं कुणी सुनेलाही जपत नसेल. आत्याबाई पदराआड हसल्या. मामंजी हसले नाहीत. शेंगा फोडता फोडताच त्यांनी सांगितलं, की ते भरती होऊन गेले तेव्हा त्यांची सायकल घरी राहिली. त्यांच्या वडिलांना सायकल चालवता येत नव्हती, पण दर बाजाराच्या दिवशी ते तिच्यात हवा भरून आणायचे आणि तिला तेल द्यायचे. हातात धरून चालत न्यायचे, चालत आणायचे. लोक हसायचे.

“बा म्हनायचा, त्याची सायकल चालती हाय म्हंजी त्यो बी चालता हाय,” मामंजी म्हणाले. “आन मी दर खेपंला आलो बग परत.”

गावात फौजी घरं पुष्कळ. नंतर माझ्या लक्षात यायला लागलं की कुणी मुलाच्या घड्याळाला रोज किल्ली देतं, कुणी त्याचा तालमीतला लंगोट दर सोमवारी धुऊन वाळत घालतं. मी त्यानंतर गाडीवरून कुणाची चेष्टा केली नाही. रविवारी किक बसली नाही तर उलट माझाच जीव टांगणीला लागायचा.

आता टाकीचं सांगते. गाडीची मूळची लोखंडी टाकी आतून गंजून चाळणी झाली होती. डाग देऊन देऊन तिचा रंग कुठला आणि डाग कुठला ते कळेनासं झालं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत नवऱ्यानं सांगलीला जाऊन फायबरची टाकी करून घेतली. तिथं एकजण गणपतीची मखरं, शाळांच्या खुर्च्या आणि पाण्याची पिंपं फायबरची करायचा. हौशी पोरांच्या गाड्यांना टाक्याही करून द्यायचा. गर्द हिरव्या रंगाची, हलकी, गुळगुळीत टाकी. नवरा तिच्यावरून हात फिरवून म्हणाला की आता गंज नावाची भानगड कायमची मिटली. आत्याबाई तिला प्लास्टिकची टाकी म्हणायच्या. मामंजींना ती बिलकूल पसंत नव्हती. बोटानं टिचकी मारली की टाकीनं आवाज दिला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. पण मुलाच्या हौसेपुढे ते गप्प बसले.

नवरा गेला आणि आषाढात मामंजी शेताच्या बांधावरून घसरले. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टरांनी बजावलं की दिवाळीपर्यंत किक मारायची नाही. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावणं मामंजींना चालणार नव्हतं. मी मारते म्हणाले तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तालमीत उतरायची भाषा करते आहे. मग त्यांनी विचार केला. गाडी चार महिने चालू करायची नाही, तर निदान आतलं पेट्रोल तरी नासता कामा नये. पावसाळ्यात अर्ध्या टाकीत दव धरतं, दवाचं पाणी खाली बसतं आणि मग गाडी फुरफुरते. याच्यावर त्यांच्याकडे फौजेतला एक तोडगा होता. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि तिच्यात थोडं स्पिरिट घालायचं. स्पिरिट पाण्याला पोटात घेतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. बर्फाच्या मुलखात त्यांनी ट्रकमध्ये हेच केलं होतं.

स्पिरिटची आमच्या भागात टंचाई नाही. उसाची साखर होते आणि उरलेल्या मळीचं स्पिरिट. मामंजींचा एक चुलतभाऊ कुठल्याशा कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होता. त्याच्याकडून एक बाटली आली. आता मामंजींच्या गळ्यात तुळशीची माळ. दारूचा वास आला तर वाट बदलून जाणारा माणूस. त्यांनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून वैरणीच्या भाऱ्यात लपवून आणली आणि गव्हाणीत ठेवली. ती नेमकी आत्याबाईंना सापडली.

त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी गाव जमलं असतं. आत्याबाई बाटली पुढ्यात घेऊन ओट्यावर बसल्या आणि कुणाशी बोलेनात. मामंजी पावसात, लंगडत, बर्फाचा मुलूख आणि पेट्रोलच्या नळ्या समजावून सांगत होते. शेवटी माळेला हात लावून शपथ घ्यावी लागली तेव्हा कुठं बाटली परत मिळाली. त्यांनी ती आमच्या दोघींच्या देखत टाकीत ओतली, जवळजवळ सगळी. झाकण लावलं, ताडपत्री बांधली. आत्याबाईंनी जाऊन हात धुतले.

लोखंडाच्या टाकीत हे खपून गेलं असतं. ही टाकी फायबरची आहे हे मामंजींना दिसत नव्हतं असं नाही, पण टाकी म्हणजे टाकी. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मोटेचं जुनं चाक, मामंजींचा फौजेतला पाना आणि शेवटी गाडी. आदल्या दिवशीच मी झेंडूच्या माळा ओवून ठेवल्या होत्या. मामंजींनी ताडपत्री सोडली तेव्हा पेट्रोलचा उग्र वास आला. हिरवा रंग जागोजागी फुगून आला होता, भाजलेल्या पापडासारखा. आत्याबाईंनी हळदीकुंकवाचं बोट टाकीला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

“आवं,” त्या म्हणाल्या, “ही मऊ लागतीया.”

त्यांनी बोट उचललं तर तिथं खळगा उमटला होता, आणि त्यात कुंकू. मामंजींनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग त्यांनी गुडघ्याची पर्वा न करता खाली बसून कार्बोरेटरची वाटी सोडली. आतून पेट्रोल आलं नाही, काकवीसारखा तपकिरी चिकट रस आला आणि त्यांच्या बोटांना चिकटून राहिला. टाकी आतून विरघळत होती आणि विरघळलेलं सगळं हळूहळू इंजिनाकडे उतरलं होतं. गाडीच्या गळ्यात मी झेंडूची माळ घालायची राहिली ती राहिलीच.

दिवाळीला नवरा येणार होता. चौकातल्या किराणा दुकानात फोन होता, त्यावर तसं कळलं होतं. एरवी अशी बातमी आली की मामंजी दाढी करायच्या आधी गाडी पुसायला घ्यायचे. आता त्यांनी कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, टाकी उतरवली आणि ओट्यावर तिच्यासमोर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर आलो म्हणायचे आणि यायचे नाहीत. आत्याबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या की पोरगा येईल त्या दिवशी गाडी चालू नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. मला सांगलीच्या शाळेत शिकलेलं सगळं विज्ञान आठवत होतं आणि तरी मी दिवाळीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत होते.

टाकी घेऊन सांगलीला कुणी जायचं? मामंजींना त्या फायबरवाल्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. ते तसं म्हणाले नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मग मीच जाते म्हणाले. माहेरी एक मुक्काम होईल, हा माझा छोटासा स्वार्थ. पेट्रोल ओतून टाकून आम्ही टाकी दोन दिवस उन्हात ठेवली, तरी वास जाईना. शेवटी आत्याबाईंनी ती जुन्या बाळंतगोधडीत गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी एस.टी.त खिडकीशी, मांडीवर टाकी घेऊन बसले.

शेजारच्या बाईनं थोडा वेळ गोधडीकडे पाहिलं. मग विचारलं, “किती म्हयन्याचं हाय?”

तेव्हा मला मूल नव्हतं आणि असले प्रश्न विचारणाऱ्या बायका मला मुळीच आवडत नसत. पण टाकी उन्हाळ्यात केलेली, म्हणून मी पाच महिन्यांचं आहे म्हणून सांगितलं. बाईनं कौतुकानं गोधडीचं टोक बाजूला केलं आणि आतून पेट्रोलचा भपकारा आला. दोघीही इतक्या हसलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. मग मी तिला सगळं सांगितलं. तिचा भाऊही फौजेत होता. उतरताना तिनं गोधडी नीट सारखी करून दिली.

फायबरवाल्याच्या शेडमध्ये गणपतीच्या मखरांचे उरलेले खांब आणि शाळेच्या खुर्च्यांचे पाय पडले होते. त्यानं टाकी हातात घेतली, वास घेतला आणि मला विचारलं की हिच्यात पेट्रोलखेरीज काय होतं. मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. तो वाट बघत उभा राहिला. शेवटी बाटलीची गोष्ट सांगावी लागली. बाटली कुणी आणली ते मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यानं डोक्याला हात लावला, पण तो चिडला नाही. फायबर ज्या रसायनानं घट्ट धरलेलं असतं त्याला स्पिरिट सोडवतं, असं त्यानं समजावलं. गाडी रोज फिरत असती तर पेट्रोल जळत राहिलं असतं आणि इतकं झालं नसतं. पण उभ्या गाडीत महिनोन् महिने हे मिश्रण भिजत ठेवणं म्हणजे टाकीला आतून चघळायला देणंच. ही आता दुरुस्त होणार नव्हती. नवी तो करून देणार होता, पण साचा मोडलेला, रंग वाळायला हवा, हातात दिवाळीची कामं. भाऊबीज उलटल्याशिवाय काही मिळणार नाही.

निघताना त्यानं मला एक गोष्ट दोनदा बजावली. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करायची. आत कोरडं फडकं फिरवायचं, झाकण उघडं ठेवून सावलीत सुकवायची आणि तशीच ठेवायची. तिच्यात थेंबसुद्धा ठेवायचा नाही, स्पिरिटचा तर नाहीच.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मामंजींनी टाकी दिवाळीनंतर मिळणार हे ऐकून घेतलं. पण पुढचं ऐकून त्यांनी मान हलवली.

“रिकामी?” ते म्हणाले. “रिकामी गाडी म्हंजी बंदच की. उद्या त्याला अचानक यावं लागलं तर?”

मी समजावायचा प्रयत्न केला नाही. समजावून पटण्यासारखी ती गोष्टच नव्हती. आणि एव्हाना माझंही मन दोन्हीकडे होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी नवरा आला. एस.टी.तून उतरून, खांद्यावर ट्रंक घेऊन चालत. मामंजींनी सकाळीच आम्हा दोघींना ताकीद दिली होती की कुणी काही बोलायचं नाही, ते स्वतः सांगणार. नवऱ्यानं वाकून नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे पाणी प्यायच्या आधी गोठ्याकडे निघाला. मामंजी लंगडत मागोमाग. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं दारापर्यंत गेले.

ताडपत्री निघाली. सीट आणि हँडलच्या मध्ये, जिथं टाकी असायची, तिथं नुसती पोकळी होती. आतल्या नळ्या आणि तारा उघड्या पडल्या होत्या. मामंजी ताठ उभे राहिले, दोन्ही हात बाजूला धरून. मला वाटतं, साहेबासमोर ते असेच उभे राहत असतील.

“टाकी मी घालवली,” ते म्हणाले. “स्पिरिट घातलं हुतं. ती इरगळली.” मग थांबून म्हणाले, “तू येशील तवा चालू पायजे हुती. पैल्यांदाच न्हाई.”

नवरा गाडीकडे बघत राहिला. त्यालाही तो नेम ठाऊक होता. त्याच्यासाठीच तर तो पाळला जात होता. हौसेनं केलेली टाकी गेली म्हणून त्याचा चेहरा पडला असेल असं मला वाटलं होतं. तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“आबा,” तो म्हणाला, “गाडी न्हाई. पर मी आलो न्हवं?”

मामंजींनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जसं काही आत्ताच तो त्यांना दिसला. “व्हय,” ते म्हणाले. “आलास.” आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. नवऱ्यासाठी मला पुन्हा पाणी आणायला जावं लागलं, आणि जाताना मी मोठ्यानं हसले, कारण नाहीतर रडले असते.

ती दिवाळी मला सगळ्या दिवाळ्यांत जास्त आवडते. बापलेक एरवी एकमेकांशी फारसं बोलत नसत. मुलानं बोलायचं नाही आणि बापानं विचारायचं नाही, अशी त्या घरातली रीत. पण त्या सुट्टीत दोघं पोतं अंथरून गाडीपाशी बसायचे. मामंजी कार्बोरेटरची भोकं एका बारीक तारेनं मोकळी करायचे आणि नवरा नळ्या बदलायचा. काय बोलायचे ते कळायचं नाही, पण बोलण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आत्याबाई चकल्या तळता तळता कान देऊन ऐकायच्या. मला माझ्या वाट्याची सुट्टी त्या पोत्यावर खर्च होते आहे असं वाटून राग यायचा. रागातच मी चहा नेऊन ठेवायचे आणि त्यांना तसं हसताना पाहून राग विसरून परत यायचे.

भाऊबीजेला आम्ही दोघं सांगलीला गेलो आणि माहेरचा पाहुणचार आटोपून दुसऱ्या दिवशी नवी टाकी घेऊन आलो. पुन्हा गोधडीतच. या वेळी ती नवऱ्याच्या मांडीवर होती आणि त्याला एकानंही महिने विचारले नाहीत. टाकी बसली. नवऱ्यानं किक मारली, मामंजींनी ॲक्सिलरेटर धरला. बऱ्याच वेळानं गाडी एकदा खोकली, काळा धूर सोडला आणि मग धडधडायला लागली. म्हशींनी कान हलवले. आत्याबाईंनी खंडेनवमीची राहिलेली पूजा तेव्हाच उरकून घेतली, मी झेंडूऐवजी शेवंतीची वेणी बांधली. उरलेले दिवस मी त्या गाडीवरून भरपूर फिरले. उसाच्या ट्रॉल्या चुकवत कृष्णेच्या काठापर्यंत जायचं, थोडं बसायचं आणि यायचं. डोक्यावरचा पदर गावाबाहेर गेल्यावर खांद्यावर यायचा आणि वेशीपाशी परत डोक्यावर जायचा.

सुट्टी संपली. जायच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गाडी धुऊन फळीवर चढवली. मग टाकीखालची पेट्रोलची तोटी, म्हणजे कॉक, उघडून सगळं पेट्रोल डब्यात काढलं. टाकी आतून फडक्यानं पुसली, झाकण उघडं ठेवलं. मामंजी दारात उभे राहून बघत होते. डबा त्यांनी उचलून हातात धरला होता आणि खाली ठेवत नव्हते.

“वाटीभर तरी असू दे,” ते म्हणाले. “रिकामी गाडी मला बगवत न्हाई.”

मला माहीत होतं की नवरा वाद घालणार नाही. बापाशी वाद घालणं त्याला जमलंच नसतं. आणि हेही माहीत होतं की त्याची एस.टी. वळणावरून दिसेनाशी झाली की संध्याकाळी ते वाटीभर पेट्रोल टाकीत जाणार, पाठोपाठ गव्हाणीतून एखादी बाटली निघणार. नवऱ्यालाही ते माहीत असणार. त्यानं मामंजींचा पाना मागून घेतला. टाकीखाली वाकून तो कॉक आटे फिरवून पूर्णच काढला. आता टाकीला खाली भोक होतं, आत काही ओतलं तरी ते सरळ जमिनीवर आलं असतं. त्यानं कॉक रुमालानं पुसला, रुमालात गुंडाळला आणि वर्दीच्या छातीवरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

“ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे आबा,” तो म्हणाला. “आल्यावर मीच बसवीन. तवर गाडी अर्धीच हाय, आन अर्धं काम टाकून मी कुटं जातोय.”

मामंजी त्या खिशाकडे बघत होते. डबा हळूच खाली ठेवला. मग पुढं होऊन त्यांनी त्या खिशाचं बटण ओढून पाहिलं, नीट बसलंय का ते. “कॉकचा वायसर ढिला हाय,” ते म्हणाले. “धावताना पडंल. जपून ऱ्हा.” इतकंच बोलून ते आत गेले आणि एस.टी. येईपर्यंत देवघरासमोर बसून राहिले.

त्यानंतर गाडी तशीच राहिली. कोरडी, झाकण उघडं, खाली भोक. रविवारी मामंजी दार उघडून ती पुसायचे, टाकीत वाकून बघायचे आणि पुन्हा ताडपत्री बांधायचे. ती रिकामी आहे म्हणून मी त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी एकदा दुकानातून हाक यायची की फोन आलाय. मी आणि मामंजी धावतपळत जायचो. गुडघा दुखत असूनही ते माझ्या पुढं पोचायचे. रिसीव्हर आधी त्यांच्या हातात जायचा. तिकडं थंडी किती, जेवणखाण कसं, तब्येत कशी, यातलं ते काहीही विचारायचे नाहीत.

“कॉक हाय न्हवं खिशात?” एवढंच विचारायचे.

पलीकडून “हाय” ऐकू आलं की रिसीव्हर माझ्या हातात देऊन बाहेर दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे, डोळे पुसायला. तिकडं नवऱ्याच्या फोनचं मीटर पडत असायचं, आणि इकडं मी रिसीव्हर कानाला लावून आधी पायरीवरच्या मामंजींकडे बघत राहायचे.